कुटंच न जानाऱ्या बाई

बाई चालायच्या तसं चालनारं बाईमानूस मी उभ्या सोलापुरात दुसरं बघितलं न्हाय. ऊन उतरलं की दाराला कुलूप लावायच्या, किल्ली कमरेला खोचायच्या आन् निघायच्या. हातात पिशवी न्हाय, डबा न्हाय. कुनाकडं हळदीकुंकू न्हाय, देवाला म्हनावं तर तसंबी न्हाय. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आन् पायात शाळेतल्या पोरांचे असत्यात तसले पांढरे कापडी बूट. बारा म्हैने एक काळी छत्री, ती बी मिटलेली. गल्लीतलं कुनी इचारायचं, "बाई, कुटं निघाला?" बाई म्हनायच्या, "कुठंही नाही." आन् निघून जायच्या.

ह्याची गल्लीत लई चेष्टा. पोरं एकमेकाला इचारायची, "काय रं, कुटं?" "बाईंच्या गावाला, कुटंच न्हाय!"

बाईंनी पोरींच्या शाळंत जलमभर इंग्रजी शिकवलं. लगीन केलं न्हाय. साखर पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला दोन खोल्यांत एकट्या ऱ्हायच्या. मी त्यांची भांडी घासायची, आन् मग त्यांच्याच कट्ट्यावर सूप मांडीवर घिऊन विड्या वळत बसायची. माझं शिक्षान म्हनाल तर दुसरीत शाळा सुटली. विडीनं मला पोसलं, आन् विडीनंच गुडघं खाल्लं. दिसभर मांडी घालून बसायचं, दुसरं काय हुनार. एक दिवस उठताना भिताडाला धरलं तर बाई म्हनल्या, "उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला यायचं."

मी म्हनलं, "बाई, आमच्यात बाई फिरतीया म्हनलं की लोकं दुसरंच समजत्यात."

"समजू देत. त्यांनाही काहीतरी काम हवं ना."

गेले. प्यैल्या दिवशी मी कोपऱ्याच्या दुकानापातुर पोचले आन् माघं बघितलं तर बाई अजून शेळीसंगं बोलत उभ्या. तितनंच वरडल्या, "अगं, पाणी सुटलंय का नळाला?" मला हळू चालताच यीना. मी आजवर चालले ती कामानंच. नळाला, कारखान्यात माल द्यायला, दवाखान्यात, मसनवट्यात. रिकाम्या हातानं चाललं की मला वाटायचं काय तरी इसरलंय, काय तरी सांडलंय वाटंत.

बाईंच्याकडं ह्या चालीचे शब्दच शब्द हुते, सगळे इंग्रजी. पोरं गोळ्या चघळत्यात तसं बाई ते शब्द चघळायच्या. "हे बघ, स्ट्रोल म्हणजे पोट भरलेलं आणि हात मोकळे. सॉन्टर म्हणजे रस्ता आपल्या वडिलांनी बांधल्यासारखं. अँबल ही मुळात घोड्याची चाल, वर बसलेल्याला हिसका लागत नाही. रॅम्बल म्हणजे वाट सोडून भलतीकडेच. आणि डॉडल म्हणजे मीठ आणायला पाठवलेलं पोर वाटेत माकडवाल्याकडे बघत उभं राहतं ना, ते."

"आन् चांगली साडी नेसून, लोकांनी बघावं म्हनून?"

"प्रोमेनाड!" बाई लई खूश. "आपले नगरसेवक निवडणुकीच्या आधी करतात ते."

मी इचारलं, "इंग्रजांना येवढं शब्द कशाला वो लागलं?"

"रिकामे होते गं. त्यांचं पाणी भरायला इथं आपण होतो."

खोटं मातुर बाईंना अजिबात खपायचं न्हाय. पेपरवाल्यानं "काल टाकला हुता की" म्हनलं तर त्येला दारात उभा करून "टाकला नव्हता" असं म्हनायला लावायच्या. मी एकदा फोनवर कुनाला तरी "बाई घरात न्हाईत" म्हनलं, तर माझ्या हातातनं फोन घिऊन म्हनल्या, "मी घरात आहे, पण मला तुमच्याशी बोलायचं नाही." अशा.

आता घरातलं सांगते. माझा थोरला पोरगा काविळीनं गेला. सून माहेराला गेली ती माघारी आली न्हाय. त्येंची एक पोरगी माझ्यापाशी ऱ्हायली, माझी नात. दुधावरनं तुटल्यापासनं मीच वाढवली. आन् धाकटा पोरगा, रिक्षा चालवनारा. त्येला मी भ्यायची. पोटच्या पोराला भ्यायचं म्हंजे काय, ज्येला ठावं त्येलाच ठावं. गल्लीत रिक्षाचा आवाज वळला की मी आवाजावरनं वळकायची, आज कसा हाय ते. इंजान दारात आल्यावर बंद केलं तर बरा. लांबनंच बंद करून गाडी गडगडत आनली तर ताट आदीच वाढून ठेवायचं, पोरीला आत घालायचं. त्येची बायको त्येच्या हाताला भिऊनच गेली. दुसरी कोन देनार?

दिली एकानं. करकंब गावच्या एका घरानं. पन साटंलोटं. म्हंजे त्येंची पोरगी ह्येला, आन् आमची पोरगी त्येंच्या थोरल्याला. त्यो थोरला चांगला बाप्या, मिशीला कलप लावनारा. आन् माझी पोर सोळाची, धावीची परीक्षा नुकती दिलेली.

धाकट्यानं सुपारी फोडून आल्यावर मला सांगितलं. मी म्हनलं, "आरं, बारकी हाय ती."

त्यो म्हनला, "तुजं कधी झालतं?" मला तर न्हानबी आलं नव्हतं तव्हा.

मग म्हनला, "आये, हे मोडलं तर माजं कदीच हुनार न्हाय. ध्येनात ठिव." येवढं हळू बोलला की माझ्या हातातली विडी निसटली. वरडला असता तर येवढी भ्याले नसते.

पोरीचं भाईर जानं बंद झालं. ती रडली न्हाय. विडीचा पाला कातरायची आन् कातरतच ऱ्हायची. रातीला माझ्या कुशीला येऊन फकस्त म्हनायची, "आज्जी, काय तरी कर की."

मी बाईंना सांगितलं. बाई म्हनल्या, "पोलिसात जाऊ." मी म्हनलं, "बाई, पोलीस एक दिस येतील. ह्यो घरात रोज हाय." बाईंनी जुनी फोनची वही काढली. मग म्हनल्या, पुन्याला त्यांची एक जुनी इद्यार्थिनी पोरींचं वसतिगृह बघती. तिच्याकडं पोरीला ठेवू. पुढची शाळा, नर्सिंग, ती करील. कागदं बाईंनी आदीच कुरियरनं धाडली.

पन पोरीनं गल्लीतनं यष्टी स्टँडपातुर जायाचं कसं? तीच मोठी पंचाईत. रिक्षानं जावं तर सोलापुरातले निम्मे रिक्षावाले धाकट्याचे दोस्त. चौकाचौकात उभे, सगळे पोरीला वळकनारे. पिशवी घिऊन चाललेली पोरगी दिसली तर स्टँड यायच्या आदी फोन जाईल.

तव्हा बाई स्वताहून धाकट्याकडं आल्या. त्यो दारात रिक्षा पुसत हुता. म्हनल्या, "अरे, माझा हल्ली तोल जातो. संध्याकाळी तुझी पुतणी धरायला येईल का बरोबर? लग्नापर्यंतच."

त्यो हसला. "बाई, कुटं जानार?"

"कुठंही नाही."

"मग घिऊन जावा की. पन आये संगं पायजे."

तोल बिल काय जात नव्हता. बाईंचा चेहरा मातुर असा झाला हुता की खरंच पडतील. घरात आल्या आन् पानी पिल्या, तर तांब्या दाताला वाजत हुता.

मग आमी तिघी रोज निघायला लागलो. बाईंनी गडबड करू दिली न्हाय. म्हनल्या, लोकांना आपला कंटाळा आला पायजे. रोज तीच वाट, बाजारातनं तळ्यापातुर आन् माघारी; तळ्याच्या फुडं यष्टी स्टँड. प्यैल्यांदा लोकं बघायची. मग हसायची. मग कुनी मान बी वर करंना. पोरगी मदी, येका बाजूला बाई, येका बाजूला मी. करकंबची मानसं साड्या घ्यायला यायच्या आदी जायाचं ठरलं.

त्या दिवशी चैत्राचं ऊन उतरलं तरी भाजत हुतं. पोरीनं येकावर येक दोन डिरेस घातलेले, कारन पिशवी न्यायची न्हवती. भाईर पडतानाच तिच्या नाकावर घामाचं थेंब. देवाला हात जोडायला लागली, मी हात खाली वडला. रोज कुटं जोडायची? दार वडून घेतलं. आन् निघालो.

कारखान्यात माझा माल खराब म्हनून मोडून टाकला तव्हा भ्याले न्हाय मी, थोरल्याचं डोळं पिवळं झालं तव्हाबी उभी हुते. पन त्या दिवशी हळू चालायचं ते माझ्यानं हुईना. सगळं अंग म्हनतंय पळ, आन् पाय टाकायचं सवडीनं. शेळी आली की बाई थांबनारच, कारन रोज थांबायच्या. बांगडीवाला म्हनला, "या बाई," तर त्येला हसायचं. पोरगी फुडं वडायला लागली की बाई छत्रीचं टोक तिच्या टाचेपाशी टेकायच्या आन् बारीक म्हनायच्या, "अँबल. अँबल, बाळ."

तळ्याअलीकडच्या होम मैदानापाशी आलो आन् माघनं आवाज आला. तो आवाज मी झोपंत बी वळकीन.

"आये!"

धाकटा. रिक्षा आमच्या बाजूला आनली, आन् आमच्याच चालीनं, घुर्र घुर्र करत चालवायला लागला. "ह्या उनात? बसा तिघी, तळ्यावर सोडतो."

मला वाटलं आता भुई फाटंल. बाई म्हनल्या, "नको रे. बसलं की लगेच पोचतो माणूस."

"मंग पोचायचंच असतंय की!"

"कुठे? आम्हाला कुठंही नाही जायचं."

त्यो हसला. पन गेला न्हाय. रिक्षा तशीच बाजूला. दुसरा येक रिक्षावाला आडवा गेला त्यो वरडला, "काय शेठ, म्हाताऱ्यांची वरात काढली व्हय?"

"माजी वरात बघ म्हैन्याभरात," ह्यो वरडला. लई खुशीत हुता. केस कापून आलेला, मानंवर पावडर. पोरीला म्हनला, "काय गं, येवढा घाम?"

मी म्हनलं, "उन्हाचा हाय."

"करकंबची लोकं रंग इचारत हुती. साडीचा. कुटला सांगू?"

पोरगी खाली बघून चाललेली. तिचा हात माझ्या हातात, माशावानी गार. मी म्हनलं, "मोरपंखी सांग."

"मोरपंखी." त्येनं दोनदा म्हनून बघितलं. मग जरा लाजून म्हनला, "आन् मी गं आये? माज्या अंगाला कुटला बरा दिसंल?"

आता काय सांगू तुमाला. पोटचं पोर हाय ते. मी म्हनलं, "पांढरा. तुला पांढरा लई शोभतो." ते खरं हाय. बारका हुता तव्हापासनं शोभतो.

तेवढ्यात फुडं येका बाप्यानं हात केला. मोठी बॅग हुती. धाकट्यानं रिक्षा फुडं नेली. बॅगवाला म्हनला, "यष्टी स्टँड."

आमी तिघी जागच्या जागी. रिक्षा आमच्याच वाटंनं, स्टँडकडं निघून गेली.

पोरगी म्हनली, "बाई, आता? गाडी जाईल. पळत जाऊ या मागच्या रस्त्यानं!"

बाईंच्या कपाळावरनं घाम गळत हुता, पन आवाज रोजच्यासारखा. "नाही. आता डॉडल."

"बाई, गाडी!"

"गाडी मागून दुसरी असते. तुझ्या काकाने स्टँडवर पाहिलं तर दुसरी वेळ नसते."

मग आमी थांबलो. लिंबू सरबतवाल्याच्या गाड्यापाशी. बाईंनी सरबत घेतलं आन् त्येला इचारायला लागल्या, लिंबं कुटनं आनतो, त्येची पोरं कितवीत हायत. त्यो बिचारा सांगत बसला. मी गिलास नुसताच धरला. पोरगी रस्त्याकडं पाठ करून उभी, आन् मी रस्त्यावरची यकूनयेक रिक्षा बघती. पिवळं टप, काळं टप. आपला न्हाय. ह्योबी न्हाय. येक रिक्षा हळू झाली तर माझा गिलास हिंदकळला. कुनी दुसराच.

मग आला. रिक्षात कालिजातली पोरं बसवलेली, माघारी गावात निघालेला. आमाला बघून हॉर्न वाजवला, हात केला, आन् वरडला, "आये, सरबत प्या दाबून!" गेला.

बाईंनी गिलास खाली ठेवला. "चला. स्ट्रोल."

पुन्याच्या गाडीत पोरगी खिडकीपाशी बसली. येक डिरेस तिनं तितंच वरनं काढला आन् मांडीवर धरला. मी तिच्या हातात पदरातली भाकरी दिली. तिला काय बोलायचं हुतं, गाडी सुटली. मी हात बी केला न्हाय. कुनी बघंल म्हनून.

माघारी येताना बाई रोजच्यासारखं चालत हुत्या, पन मधीच म्हनल्या, "मी त्याला खोटं बोलले गं."

मी म्हनलं, "आसू द्या."

"आजवर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. कुठंही नाही. आणि ते खरं होतं."

दिवेलागणीला त्यो आला. इंजान गल्लीच्या तोंडालाच बंद केलं. गडगडत आनली गाडी. दारात उभा ऱ्हाऊन म्हनला, "पोरगी कुटं हाय?"

मी आदी ठरवलं हुतं बाईंचं नाव घ्यायचं न्हाय. म्हनलं, "गेली. मी बसवली गाडीत. लगीन हुनार न्हाय तिचं."

त्येनं माझ्या मांडीवरचं सूप उचललं आन् भिताडावर मारलं. तंबाकू सगळ्या घरात. त्येला ठसका लागला, मला ठसका लागला. मला हात लावला न्हाय. तसाच वळला आन् बाईंच्या दाराला गेला. मी माघं पळाले. गल्ली सगळी दारात उभी. बाईंनी दार उघडलं. पांढऱ्या पडलेल्या, चौकट धरलेली. म्हनल्या, "मी फसवलं तुला. आत ये, बस."

त्येनं कोपऱ्यातली छत्री घेतली, गुडघ्यावर ठिवून मोडली, आन् त्यांच्या पायाशी टाकली. म्हनला, "आता फिरा."

करकंबची लोकं आली, लई तमाशा करून गेली. बाईंनी उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन सांगितलं, "मुलगी सोळाची आहे, मी तक्रार देईन." तव्हा गप झाली. पन आपली पोरगी धाकट्याला द्यायची न्हाय म्हनून सांगून गेली. धाकट्याचं मोडलं. ते अजून मोडलेलंच हाय.

तमाशाच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं बाई भाईर पडनार न्हाईत. ऊन उतरलं, कुलूप वाजलं. बिन छत्रीच्या निघाल्या. आन् चौकातनं धाकट्याची रिक्षा त्यांच्या माघं लागली. फुडं जाईना, माघं ऱ्हाईना. बाई थांबल्या की थांबायची. पुढचं चाक त्यांच्या टाचंला लागंल येवढी जवळ. मी कट्ट्यावरनं बघितलं. हातातली विडी अर्धी ठिवली आन् गेले त्यांच्या बाजूला. बाई म्हनल्या, "तू कशाला आलीस?" मी म्हनलं, "गुडघं धरल्यात." रोज तसं. माघं इंजान, मानंवर त्येचा गरम वास, आन् बाई चालायच्या तशाच, मला शब्द सांगत. आवाज कापायचा, पाय वाढवायच्या न्हाईत. रात झाली की त्यांच्या पोटऱ्या मी चेपायची, तर लाकडावानी झालेल्या असायच्या. ही बाई भित न्हवती असं कुनी म्हनलं तर मी म्हनीन, तू चेपल्या न्हाईस.

येक दिवस रिक्षा आली न्हाय. मग परत कधी आली न्हाय. का, ते मी इचारलं न्हाय.

बाई दोन वर्सामागं गेल्या. भाच्यानं येऊन सगळं केलं, खोल्या इकल्या. पोरगी आता पुन्यात येका दवाखान्यात नर्स हाय. बाई गेल्या तव्हा फोनवर रडली, "आज्जी, मी येऊ का?" मी म्हनलं, "येऊ नगंस." दर सणाला इचारती. मी दर सणाला तेच सांगती. धाकटा माझ्यापाशीच जेवतो, पन तिचं नाव आमच्या घरात काढायचं न्हाय, असं न बोलता ठरलेलं हाय. तिचा फोन आला की मी त्यो घरी नसताना बोलती, आन् कान गल्लीकडं.

परवा कान चुकला. मी बोलत बसले, आन् त्यो दारात. कधी आला, इंजान कुटं बंद केलं, मला काय कळलंच न्हाय. फोन पदराखाली घालायचं बी सुचलं न्हाय.

"कुनाचा हाय?"

तोंडात कारखान्यातल्या बाईचं नाव आलं हुतं. पन म्हनलं, "तिचा."

त्यो उभाच. फोनमधनं पोरगी "आज्जी, आज्जी" करतीया, त्येला बी ऐकू येत आसंल. मी सूप मांडीवरनं बाजूला सारलं, म्हनलं आता जे व्हायचं ते हुईल.

त्येनं चप्पल काढली. मोरीकडं गेला, पायावर पानी घेतलं. तितनंच, माझ्याकडं न बघता इचारलं, "बरी हाय का?"

मी म्हनलं, "बरी हाय."

ताटावर बसला. मी वाढलं. आमटी ताटाभाईर सांडली. त्येनं ती बोटानं पुसून घेतली. तिला मी अजून ये म्हनलेलं न्हाय.